गाडीला कोणतं तेल लावायचं

वडिलांनी बैलगाडीच्या साट्यावर लाकडी खोली उभी केली, तेव्हा चौलच्या आमच्या आळीत माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तिला छप्पर होतं, दार होतं, झडपांच्या खिडक्या होत्या आणि आत पाय पसरून झोपायला फळ्या. दिवाळीच्या सुट्टीत गाडी तरीवर चढवून खाडीपलीकडे न्यायची आणि काशीदला समुद्रासमोर मुक्काम ठोकायचा, असा बेत होता. बरोबर मी आणि आत्या.

आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. घर, विहीर आणि देऊळ, एवढंच तिचं फिरणं. समुद्राची गाज तिला अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येई, पण त्याच्या काठी ती कधी बसली नव्हती. बेत ऐकल्यापासून ती स्वयंपाकघरात चक्क गुणगुणू लागली. मला तर वाटे, गाडी माझ्यापेक्षा तिचीच.

पण घरात शेवटचा शब्द थोरल्या काकांचा. ते आत्याकडे बोट दाखवून म्हणाले, "कार्तिकातसुद्धा पाऊस गाठतो. मी स्वतः छपरावर घागरी ओतून बघणार. थेंब आत आला, तर ही घरी राहील."

झालं! वडील इरेला पेटले. आधी जवसाच्या तेलात राळ उकळून लावली. लाकूड असं चकाकलं की मी त्यात वेणी बघून घेतली. पण पाणी ओतलं तर सांध्यांतून झिरपलं. ते सगळं खरवडून मग डांबर लावलं. ऑक्टोबरच्या उन्हात ते पाघळलं, माझा नवा परकर गाडीला चिकटला आणि आईने मला आणि वडिलांना एकाच दमात झापलं. सुट्टी तोंडावर आली होती. आत्याचं गुणगुणणं थांबलं, आणि मला भयंकर राग आला, डांबराचा, काकांचा, सगळ्यांचाच.

नारळ न्यायला येणाऱ्या थळच्या कोळ्याला वडिलांनी विचारलं, "तुम्ही होडीला काय लावता?"

"मोरी माशाचा तेल. पानी आत यायचा न्हाय," तो हसत म्हणाला. "पन वास काय जायचा न्हाय, भाऊ."

काका कडाडले, "माशाचं तेल? आपल्या अंगणात?" आई पदराआड हसली. आणि सोवळ्यात कोणाची सावली पडली तरी पुन्हा अंघोळ करणारी माझी आत्या माजघराच्या दारातून म्हणाली, "बाहेरूनच लावायचं ना? लाव. मी नाक धरून बसेन."

मी आनंदाने टाळ्याच पिटल्या.

गाडी वाडीच्या टोकाला, पोफळींपलीकडे नेली. डांबर खरवडून तेलाचे हात दिले, वाळवले, पुन्हा दिले. आळीतली झाडून सगळी मांजरं तिथे मुक्कामाला आली. वडील जेवायला बसले की आई पान दूर सरकवी. त्यांना कशाचं भान नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी काका घागर घेऊन आले. आत्या म्हणाली, "आत कोणी बसल्याशिवाय थेंब पडला की नाही ते कळणार कसं?" आणि एक गाठोडं पोटाशी धरून ती आत शिरली. दार लागलं. काकांनी ओतलं, गड्यांनी ओतलं, मी तर तांब्याने बाजूंवरही मारलं. आतून आवाज नाही. वडिलांचा चेहरा पडला.

दार उघडलं. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिचं आलवणाचं लुगडं कोरडं, गाठोडं कोरडं, जमीन कोरडी. नाकसुद्धा धरलं नव्हतं.

"बरं, जमलं," काका म्हणाले. "उतर आता. सुट्टी लागली की बघू."

आत्या हलली नाही. मोठ्या भावाला ती कधी उलट बोललेली मी ऐकलं नव्हतं.

"मी उतरले की तुम्ही पुन्हा काहीतरी काढाल, दादा," ती म्हणाली. "सोवळं, फराळ, सगळं घेऊन बसले आहे. आता बैल जुंपा."

वडील गोठ्याकडे धावत सुटले. मी ओल्या पायांनीच आत चढले आणि तिला बिलगून बसले.