पिवळ्या दिव्यातलं गवत

त्यांना सगळे मामा म्हणत. खरं पाहता ते एकाच मुलीचे मामा, ताईच्या मुलीचे. पण ती लहानपणी दुकानभर "मामा, मामा" करत फिरायची, ते ऐकून गिऱ्हाइकं मामा म्हणू लागली आणि पुढे भावोजीसुद्धा. भाची मोठी झाली, लग्न होऊन दूर गेली. नाव मात्र दुकानातच राहिलं, आणि मामाही.

दुकान भावोजींचं, खेळांचं. पुढे काचेची कपाटं, मागे लांबट हॉल आणि त्यात मोठाली टेबलं. त्या टेबलांवर बोटाच्या पेराएवढे शिपाई, घोडे, तोफा मांडून मोठी माणसं लढाया खेळत. पट्टीनं मोजून पलटण पुढे सरकवायची आणि कोण पडलं, कोण उभं राहिलं, ते फासे टाकून ठरवायचं. एक दातांचे डॉक्टर यायचे, एक वकील यायचे, शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर यायचे. घरी ज्यांचा शब्द कुत्रंही ऐकत नसे, ते रविवारी इथे येऊन सेनापती होत.

शिपाई डब्यातून निघत ते राखाडी, प्रेतकळा आलेले. ते रंगवण्याचा धीर सेनापतींना नसे. रंगवायचे मामांनी. छापखाना बंद पडला तेव्हा दुसरं काही मिळेपर्यंत म्हणून मामा चार दिवसांसाठी ताईकडे आले होते. वरच्या खोलीत खाट टाकली, खाटेशेजारी टेबल आलं, टेबलावर रंग आले. छापखान्यात रंग जुळवायची सवय होती, हात स्थिर होता. आधी अस्तराचा हात, मग अंगरख्याचा रंग, मग घड्यांत मुरेल असा पातळ काळा, मग कोरड्या ब्रशनं नुसत्या कडा उजळायच्या. डोळे शेवटी. चार दिवस कधीच संपले होते, पण ते संपलेत असं कोणी म्हटलं नाही आणि मामांनीही विषय काढला नाही. एक पलटण संपायच्या आत दुसरी जिना चढून येई.

वरच्या खोलीला खिडकी होती, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. त्यामुळे दिवसाही दिवा लागे. दिवा पिवळा. दुकानभर भावोजींनी पिवळेच दिवे लावले होते. पांढऱ्या उजेडात माल गरीब दिसतो, असं त्यांचं मत. एकदा दातांचे डॉक्टर आपले शिपाई घेऊन परत आले. दवाखान्यात ठेवले तर हिरवे अंगरखे निळसर दिसतात, म्हणाले. भावोजी म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या दवाखान्यात तर धडधाकट माणूसही आजारी दिसतो." हॉल हसला, डॉक्टरही हसले. मामाही हसले आणि पुढचा शिपाई हातात घेतला.

शिपायांसारखीच जमीनही मामाच करत. टेकड्या थर्माकोलच्या, झाडं वाळक्या मुळ्यांची, गवत म्हणजे रंगवून चाळलेला लाकडाचा भुसा. या कामातला पहिला नियम असा, की जमीन चौकोनी तुकड्यांत करायची. तुकडे काखोटीला मारून नेता येतात, हवे तसे जोडता येतात. पण तुकडे जोडले की सांधा दिसतोच. गवतात तो लपवता येतो, पाण्यात नाही. हॉलमधल्या प्रत्येक नदीवर दर हातभर अंतरावर आडवी रेघ असे. सेनापतींना तिचं काही नव्हतं. मामांना ती रेघ दाताखाली आलेल्या खड्यासारखी वाटे.

म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक नदी केली. आपल्या खोलीत, खाट उभी करून भिंतीला टेकवली आणि जमीन मोकळी केली. खाली लाकडी चौकट, वर टेकड्या, एका काठाला गाव, दुसऱ्या काठाला शेतं आणि मधून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध ओतलेलं, काचेसारखं थिजलेल्या राळेचं पाणी. रेघ नाही. मधल्या भागात हात पोचत नसे, तर झाडूच्या दांड्याला चिमटा बांधून तिथली झुडपं लावली. रात्री झोपायला टेबलाखाली. ताई एकदा म्हणाली, माणूस घर बांधतो आणि त्यात राहतो, तू गाव बांधून त्याच्याखाली राहतोस. या टेबलावर मात्र मामांनी कुणाला फासे टाकू दिले नाहीत.

मग एक दिवस संग्रहालयातल्या बाई आल्या. दुसऱ्या गावी मोठं संग्रहालय होतं, तिथे लढायांचं नवं दालन उघडायचं होतं. त्या दातांच्या डॉक्टरांच्या पेशंट, त्या ओळखीनं आल्या. बाई वर आल्या, टेबलापाशी वाकून राहिल्या. मग त्यांनी विचारलं, हे टेबल आम्हाला द्याल का, आणि टेबलाबरोबर तुम्हीही याल का? राहायला जागा आहे, अजून अशी पाच-सहा करायची आहेत, दालन उघडेपर्यंत पोचलं पाहिजे.

मामा "हो" म्हणाले. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. आजवर ज्याला-त्याला ते हो म्हणाले ते नाही म्हणता आलं नाही म्हणून; मनापासून म्हटलेलं हे पहिलंच.

भावोजी बाईंसमोर छान बोलले, घरच्या माणसाचं नाव होतंय, म्हणाले. बाई गेल्यावर त्यांनी दाराच्या चौकटीत उभं राहून टेबलाकडे पाहिलं, मग चौकटीकडे पाहिलं.

"मामा, हे बाहेर कसं काढणार तू?"

मामांनी तेव्हा पहिल्यांदा दाराकडे त्या नजरेनं पाहिलं. टेबल दारापेक्षा रुंद होतंच, पण एका कडेवर उभं करून न्यावं तर टेकड्या आड येत होत्या. इतकी वर्षं या हातानं प्रत्येक शिपायाची उंची मोजली, पण हे टेबल कधी खोलीबाहेर जाईल असं मनातही आलं नव्हतं, तर दार कशाला मोजतील?

सुताराला बोलावलं. त्यानं खिडकी पाहिली, तिला गज होते. भिंत ठोकून पाहिली, ती जिन्याची होती, फोडता येणार नव्हती. मग कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मामा, आमच्यातलं शिकाऊ पोरगंही आधी दार बघतं, मग पलंग करतं." कापावं लागेल, हे त्याचं मत. तेही लांबीच्या दिशेनं, नदीतून. नदीवरचा पूल तेवढा उचलून बाजूला ठेवता येईल.

भावोजी म्हणाले, कापायचं तर काप बाबा, पण जीव लागलाय तुझा त्यात, बघ. आवाजात काळजी होती आणि काळजीच्या आड सुटकाही होती. लगेच वकिलांची घोडदळाची दोन खोकी वर पाठवली, रविवारपर्यंत हवी होती.

मामांनी घोडदळ रंगवलं. मग तोफा आल्या, त्याही रंगवल्या. सुतारानं ठेवलेली करवत कोपऱ्यात उभी होती. रोज सकाळी ते तिच्याकडे बघत आणि रोज एखादं काम तिच्या आधी करायचं निघे.

शेवटी ताई वर आली. पदर खोचून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि चौकट दोन्ही हातांनी धरली.

"धरलंय मी. काप."

"ताई, पाणी तडकेल गं."

"तडकू दे. मी या घरात आले तेव्हाही परत बाहेर पडायचं दार कुणी मोजलं नव्हतं. निदान तू तरी जा."

मामांनी करवत चालवली. पाणी तडकलंच, पण करवतीच्या सरळ रेषेत नाही. ते आपल्या मर्जीनं तडकलं, वेडंवाकडं, खऱ्या काठासारखं. शेवटचं लाकूड तुटलं तेव्हा दोघं बहीणभाऊ दोन काठांवर उभे होते. मामा मधल्या फटीत शिरले. जी झुडपं त्यांनी दांड्यानं लावली होती, त्यांना त्यांनी पहिल्यांदा बोटानं हात लावला.

ट्रक आला त्या दिवशी लख्ख ऊन होतं. दोन्ही भाग हमालांनी अलगद जिन्यावरून खाली आणले आणि दुकानासमोर फुटपाथवर टेकवले. मामा मागून उतरले, बॅग हातात. आणि शेवटच्या दोन-तीन पायऱ्या उरल्या असतानाच थांबले.

गावाचा भाग ठीक होता. लाल कौलं लालच होती. पण दुसरा काठ, सगळी शेतं, सगळं गवत निळसर पडलं होतं. मार लागून काळंनिळं झालेल्या अंगासारखं. पिवळ्या दिव्यात हिरवा हिरवा दिसावा म्हणून त्यांनी बरणीत जो थेंब थेंब निळा वाढवला होता, तो दिवसाच्या उजेडात एकटाच उभा होता. डॉक्टरांचे अंगरखे त्यांना आठवले. मग एकेक करून सगळ्याच पलटणी आठवल्या.

बाई म्हणाल्या, दालनातही दिवेच असतील, कुणाच्या लक्षात येणार नाही. मामा म्हणाले, माझ्या आलंय. बाईंनी मग तोड काढली. गावाचा भाग आज नेते, दुसरा दुरुस्त करून तुम्हीच घेऊन या, जागा रिकामी ठेवते. ट्रक अर्धी नदी घेऊन गेला.

ताईनं दुकानाच्या पायरीपाशी खुर्ची आणून ठेवली. "वर नको नेऊस. इथेच बस, उन्हात. आज काय ते उरक."

मामा बसले. बरण्या आणल्या, भुसा आणला, उन्हात धरून हिरवा जुळवायला लागले. निळा कमी, पिवळा जास्त. येणारे-जाणारे थांबत, बघत. मास्तर येऊन म्हणाले, आज मामा उजेडात, सूर्य पश्चिमेला उगवला काय? दुपारपर्यंत एक शेत झालं, मग दुसरं. उन्हात ती शेतं अशी दिसत होती की त्यांच्यावर हात फिरवावा. मामांनी मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. छापखाना बंद पडल्यावर याच रस्त्यानं ते बॅग घेऊन आले होते.

भावोजी मध्ये एकदा येऊन उभे राहिले. जाताना म्हणाले, डॉक्टरांची नवी पलटण आलीय, वर ठेवलीय, घाई नाही.

मग ऊन कललं. रस्त्यावर तिरपा सोनेरी उजेड आला आणि मामांचा हात थांबला. जुन्या शेतांमधला निळा कुठेतरी गेला होता, ती हिरवीगार दिसत होती. आणि सकाळपासून केलेली शेतं वाळून पिवळी पडल्यासारखी. मामांनी चष्मा काढून पुसला. टेबलाचा तो अर्धा भाग फिरवून सावलीत सरकवला, तर दोन्ही शेतं तिसऱ्याच रंगाची. पुन्हा उन्हात सरकवला. ब्रश एका बरणीकडे गेला, मग दुसरीकडे गेला, मग पाण्याच्या डब्यात उभा राहिला.

ताई दारात आली. तिनं शेतांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं.

"झालं?"

"नाही. खरा कुठला तेच कळेना झालंय."

"अरे, खऱ्या गवताचंसुद्धा असंच असतं. सकाळी एक, संध्याकाळी एक. तसंच घेऊन जा."

"जाईन. एकदा हिरवा बसू दे."

ताईनं पदर खोचला आणि त्या अर्ध्या टेबलाचं एक टोक उचललं. दुसरं मामांनी उचललं. ती क्षणभर तशीच उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून. मामा मागच्या मागे एक पाऊल जिन्याकडे सरकले, तशी तीही वळली.

आता तो भाग अर्धाच होता. जिन्याच्या वळणावर अडला नाही. दारातूनही कुठे न घासता आत गेला. दोघांनी तो भिंतीशी लावला. ताई गुडघे धरत खाली गेली. मामांनी उभी केलेली खाट आडवी टाकली, बॅग तिच्याखाली सरकवली, रंगांच्या टेबलावरचं डॉक्टरांचं खोकं बाजूला केलं आणि दिवा लावला.

जुनी शेतं हिरवीगार होती. नव्या दोन शेतांना तेवढा थोडा निळा लागणार होता.