कुंडीतल्या वडासाठी इंदापूरच्या विटा

वड मी मारत आणला होता, हे आधीच कबूल करतो. नाहीतर एक शहाणंसुरतं जोडपं स्कूटरवरून दोन तालुके पालथे घालून विटांचे तुकडे का गोळा करत होतं, हे कळणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. माझी बायको माधुरी तीन आठवडे बँकेच्या ट्रेनिंगला गेली आणि जाताना तिचा बोन्साय माझ्यावर सोपवून गेली. दीड वीत उंचीचा वड. कॉलेजच्या गच्चीवरच्या पन्हाळीतून उपटून आणलेला, चौदा वर्षं ताटाएवढ्या कुंडीत वाढवलेला. म्हणजे तिच्या आयुष्यात माझ्याहून जुना. सूचना एकच होती: वरची माती सुकली तरच पाणी. मी वर्तमानपत्रात उपसंपादक. दुसऱ्याचा मजकूर कापायची सवय, त्यात ही सूचनाही कापली गेली. मार्चचं ऊन बघून मला झाडाची दया आली आणि मी सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घातलं. ती परतली तेव्हा पानं गळाली होती आणि कुंडीला तुंबलेल्या मोरीचा वास येत होता.

बोन्साय शिकवणाऱ्या बाईंनी कुजलेली मुळं कापली, झाड तात्पुरतं वाळूत खोचलं आणि निकाल दिला. "आता निर्जीव मिश्रण लागेल. नीट भाजलेल्या विटांचे तुकडे आणि मुरूम. माती नाही, खत नाही. आठवड्याच्या आत झाड त्यात गेलं नाही तर कुंडीत कोथिंबीर लावा."

पुण्यात आमच्या भागात मिळालेल्या विटा बादलीत टाकल्या, तर सकाळपर्यंत त्यांची लापशी झाली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं तोडगा काढला. मुरूम त्याच्या गावी, वडगाव निंबाळकरला, आबांकडे म्हणजे त्याच्या वडिलांकडे. आणि विटा इंदापूरला, त्यांच्या ओळखीच्या तात्यांच्या भट्टीवर. शनिवारी पहाटे निघालो. सामान: दोन चाळण्या, हातोडी, रिकामी पोती, चार लिंबं. माधुरी त्या आठवड्यात माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि स्कूटरवर काम फारसं निघत नाही.

दिवेघाट, सासवड, जेजुरी असा रस्ता. नीरेत मिसळ खाल्ली. तिखट होती, पण निदान तिनं "पाणी दे" एवढं तरी म्हटलं. नीरेच्या पुढं ऊस सुरू होतो. साखर कारखान्यांच्या हंगामात जाणार असाल तर एक सल्ला: दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करू नका. बाहेर आलेला ऊस तोंडावरून असा फिरतो की त्या दिवशी दाढी करायला लागत नाही.

आबा ओट्यावर वाटच बघत होते. सत्तरीचे, धोतर-बंडीतले, आवाज बैलांना हाकायच्या मापाचा. त्यांच्यासमोर माधुरीच्या तोंडी मी लगेच 'अहो' झालो. घरी मी नुसता 'तू' असतो.

घरामागच्या नवीन विहिरीच्या कडेला मुरमाचा ढीग होता. माधुरीनं मूठभर घेतला, वर लिंबू पिळलं. फसफसून फेस आला.

"आयला, सोडा निघाला की!" आबा खाली वाकले.

"यात चुना आहे, आबा. पाण्यात सुटतो, मग घट्ट बसतो. हा नाही चालणार."

"म्हनूनच आमच्या बंबात पांढरं साचतंय व्हय! आन् मी म्हातारीला बोल लावतुय, बंब घासत न्हाय म्हनून."

आत काकूंनी भांडं जोरात आपटलं. ऐकू गेलं होतं.

मग माळावरचा तांबूस मुरूम बघितला. लिंबू पिळलं, गप्प बसला. तो चाळायला घेतला. माप सोपं आहे, कुणालाही जमेल: ज्वारीपेक्षा मोठं आणि हरभऱ्यापेक्षा लहान तेवढं ठेवायचं, खालची धूळ निर्दयपणे फेकायची. धूळच पाणी धरून ठेवते आणि मुळांचा श्वास कोंडते. हे सांगताना माधुरीनं माझ्याकडे बघितलं नाही, पण रोख लपला नाही.

आबांचा जीव मात्र खालीवर होत होता. उभी हयात काळ्या रानात गेलेली. "ह्यात झाडाला जेवान कुठं हाय?"

"जेवण नंतर, पाण्यातून. थोडं थोडं."

"म्हंजे घरात चूलच न्हाय. रोज हाटेलात."

"तसंच समजा."

"एवढुसं लेकरू, आन् खड्यात बसवताय," आबा म्हणाले आणि मान हलवत राहिले. मुरमाचं पोतं तिथंच ठेवून, उद्या परत येतो असं सांगून आम्ही निघालो. पणदऱ्यावरून बारामती गाठली. स्टँडजवळच्या लॉजमध्ये खोली एकशे वीस रुपयांत मिळाली, पंखा आपल्या मर्जीनं फिरणारा. खाणावळीतली थाळी पंचवीसला; मटकीची उसळ आणि बाजरीची भाकरी, वाढपी नको म्हटलं तरी वाढतो. त्याचं आणि माझं एकमत होतं, जास्त म्हणजे चांगलं. पण त्याची आमटी कुणी कुंडीत ओतत नव्हतं.

रविवारी इंदापूरकडे. शेळगावच्या अलीकडे चहाला थांबलो, तिथं इंदापूर किती राहिलं विचारलं तर तिघांनी तीन उत्तरं दिली आणि आपसात वाद घातला. आम्ही निघालो तरी तो चालूच होता.

तात्यांची भट्टी गावाबाहेर. तात्या पन्नाशीचे, डोक्याला टॉवेल. त्यांनी दोन विटा उचलून एकमेकींवर आपटल्या. खण्ण. "बघा, घंटा हाय घंटा. कुठल्या बंगल्याला पायजेत?"

"कुंडीला," माधुरी म्हणाली. "आणि फोडून पाहिजेत."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भट्टीकडे बघितलं.

"असं करा," ते म्हणाले, "तितं तुटक्या पडल्यात, पायजे तेवढ्या न्या. पैसं नकोत. पन माजी मानसं फोडनार न्हाईत. आमी विटा करतो, मोडत न्हाय."

मग निवड सुरू झाली. फिकट वीट कच्ची, ती पाण्यात विरघळते, ती बाद. आगीच्या तोंडाशी राहून काळीनिळी, काचेसारखी झालेली वीट पाणीच पीत नाही, तीही बाद. मधली हवी. आणि ती ओळखायला माधुरीनं तुकडा उचलला, पुसला आणि जिभेला लावला. जिभेला किंचित चिकटला तर त्यात बारीक छिद्रं आहेत, म्हणजे चांगला. बाईंनी शिकवलेली युक्ती.

विटा थापणाऱ्या दोन बायकांचं काम थांबलं. त्यातली वयस्क होती ती पदर तोंडाला लावून पुढं आली.

"डव्हाळं लागल्यात व्हय बाई? कितवा म्हैना?"

"चौदा वर्षं झाली, मावशी," माधुरी म्हणाली. "अजून कुंडीतच आहे."

त्या बायका अशा हसल्या की तात्यांना ओरडावं लागलं. माधुरी पण हसली. मी पण हसलो. तेव्हा तिनं हसणं थांबवून माझ्या हातात हातोडी दिली. तीन तास विटा फोडल्या. हाताला फोड आले. इंदापुरात उजनीचा तळलेला मासा खाल्ला तो डाव्या हातानं. काटे जपून काढा, एवढंच सांगतो.

दुपारी उलट वडगावला आलो. काकूंनी पानं वाढलीच होती. आम्ही आत जेवत असताना आबा बाहेर पोती शिवत होते, आणि मी मनात म्हटलं, किती करतात बिचारे. दोन पोती आणि दोन माणसं स्कूटरवर बसेनात, म्हणून मुरूम मी घेतला आणि माधुरी विटांसह एसटीनं निघाली. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "काय हाय ह्यात?"

"विटांचे तुकडे."

"पुन्यातल्या विटा संपल्या का काय?" म्हणून त्यानं लगेजचं तिकीट फाडलं.

घरी मी तासभर उशिरा पोचलो. माधुरी बाथरूममध्ये उघड्या पोत्यापुढं बसली होती. तिनं ओंजळ पुढं केली. विटांच्या लाल तुकड्यांत काळंभोर, भुसभुशीत, कुजलेलं शेणखत. चांगली दोन घमेली. आबांना राहवलं नव्हतं. लेकरू उपाशी राहील म्हणून त्यांनी पोतं शिवायच्या आधी आपल्या उकिरड्यातलं सगळ्यांत जुनं, सगळ्यांत बारीक खत त्यात कालवलं होतं. माझं पोतं उघडलं. त्यातही.

नुकत्याच कापलेल्या मुळांना याहून वाईट काही नाही. बाईंच्या आठवड्यातले दोन दिवस उरले होते. मी स्फोटाची वाट बघत उभा राहिलो.

"त्यांनी मायेनं खत घातलं, तू मायेनं पाणी घातलंस," ती म्हणाली. "आता तुम्हां दोघांच्या मायेतून झाड बाहेर काढायचंय. पँट वर कर आणि बस."

तो सोमवार आणि अर्धा मंगळवार, सुट्टी टाकून, आम्ही खडे धुतले. घमेलं, पाणी, चाळण, परत घमेलं. आधी कॉफीसारखं पाणी, मग चहासारखं, मग लिंबूसरबतासारखं. खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले, गोठा काढलाय का. धुतलेले खडे गच्चीत वाळवले आणि मंगळवारी संध्याकाळी वड त्यात बसला. पाणी वरून घातलं की खालून लगेच पळत होतं. मी पाणी घालत नव्हतो. मी लांबून बघत होतो.

चार आठवडे काही नाही. नुसती काटकी. मग एका दुपारी ऑफिसात फोन आला. "कोंब आलाय. दोन आलेत," एवढं बोलून तिनं ठेवला. मी छपाईच्या मशीनवर जाऊन त्या सहकाऱ्याला सांगितलं, त्यानं आबांना पत्र लिहिलं. आबांचं उत्तर आलं: खत लागू पडलं म्हणायचं. आम्ही त्यांना खरं कधीच सांगितलं नाही.

या सहलीतून काय उरलं? तळहातावरचा एक घट्टा. मुरूम दिसला की लिंबू शोधण्याची खोड. आणि प्रेमानं काही करावंसं वाटलं की आधी बायकोला विचारायचं, हे शहाणपण. सगळं झाड वाचलं नाही. डावी मोठी फांदी गेलीच. माधुरीनं ती कापली नाही. साल सोलून तशीच ठेवली, हाडासारखी पांढरी.

पुढच्या वर्षी तिनं वड प्रदर्शनात ठेवला. बक्षीस नाही मिळालं, पण त्याच्यापुढं गर्दी होती. एक झब्बेवाले गृहस्थ चष्मा वर करून त्या वाळक्या फांदीकडे बराच वेळ बघत राहिले.

"वा! इतकं नैसर्गिक कसं साधलंत? काय तंत्र वापरता?"

"हे," माधुरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "तीन आठवडे झाडाजवळ एकटं ठेवायचं."

गृहस्थांनी वही काढली आणि लिहून घेतलं.