खुर्ची कुठल्या दारातून जाते

फिलूबाय पहिल्यांदा आमच्या घरी आली ती सातव्या महिन्यातल्या मला भेटायला. पण उंबरठ्यावर थांबून तिनं आधी पाहिली ती दाराची चौकट. वैशाखातली सकाळ होती. खळ्यात कोकमाची सोलं वाळत होती आणि त्यांचा आंबट, काळसर वास ओसरीपर्यंत आला होता. तिनं ओसरीवरची हातांची लाकडी खुर्ची उचलली आणि चौकटीत घालून पाहिली. खुर्ची दोन बोटांनी अडली. मग ती तशीच खुर्ची घेऊन माजघरातून, स्वयंपाकघरातून परसदारी गेली. तिथून खुर्ची सुटली. पुढे वाटेत सरपणाची लाकडं रचलेली होती.

"हिका बसवन न्हेवचा तर ह्या दारातसून," ती म्हणाली. "आणि ही लाकडा हयसून काडा."

सासूबाई सोलं उलथायची सोडून मागे आल्या. "गो, तू बाळंतपणाक इलंस काय मढ्याची वाट काडूक?"

"दोगांकाय वाट एकच लागता, आये. म्हणान आदी चलान बघूक होयी."

मग ती मला घेऊन परसातून दगडी गडग्याच्या कडेनं, रिक्षा वळते त्या फणसापर्यंत चालत गेली. मनगटावरच्या घड्याळात पाहून मनाशी काही पुटपुटली. मग ते घड्याळ काढून तिनं माझ्या हाताला बांधलं. धातूला तिच्या अंगाची ऊब होती. "कळा मोजूक आसा. पोर झाला की परत दी." अशी चार घड्याळं तिच्याजवळ होती, म्हणून एका वेळी चारच बायका. पाचवी आली तर ती हात जोडी.

गोव्यातल्या एका इस्पितळात पंधरा वर्षं आया म्हणून काढून, प्रसूतीत सोबत करण्याचं रीतसर शिक्षण घेऊन ती गावी परतली होती. घरावर पाटी लावली होती: सांगातीण. लोक तिला सुईण समजत, आणि ती दर वेळी न चिडता समजावी. बाळंतपण डॉक्टर करतील. आपण पाठ चोळू, श्वासाला लय देऊ, डॉक्टरांचं बोलणं आपल्या भाषेत सांगू, घाबरलेल्या नवऱ्याला चहा आणायला पिटाळू. "माजो हात पाठीर. पोटार न्हय." हे वाक्य ती देवघरातल्या वाक्यासारखं उच्चारी.

सुरुवातीला लोक तिची साडी-नारळानं बोळवण करीत. ती नारळ ठेवून घेई आणि साडी परत करी: "साडयेर रिक्षा चलना नाय गो." किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं, पाहुण्या बायकांसाठी ये, म्हणून आग्रह केला, तेव्हा ती म्हणाली, "जी वाट माका ठावक नाय, थंय मी सांगातीण कसली?" शेजारच्या सुषमाला तिनं हाताखाली तयार केलं होतं. "माका ताप इलो तर तुजा पोर थांबतला?" तिची ही काटेकोर व्यवस्था मला थोडी रुक्ष वाटे. एकदा तसं बोलूनही दाखवलं. ती हसली. "ह्यो धंदो आसा, उपकार न्हय. उपकार करणारा माणूस दमता. माका दमाक परवाडना नाय."

चौथं घड्याळ जुव्यावरच्या रंजनाच्या हातात होतं. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. पंधरा घरं, भोवती माड, आणि पलीकडे जायला एक होडी. फिलूबाय तिथं दोनदा गेली: एकदा भरतीला, एकदा मुद्दाम ओहोटीला. ओहोटीला होडी चिखलात बसते, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. "नववो लागलो की पोरीक हयसर ठेवू नकात. पलीकडे मावशेकडे न्हेवन ठेवा." सगळ्यांनी माना हलवल्या.

रंजनाला कुणी हलवलं नाही. त्यात दुष्टपणा नव्हता. फिलूबाय येणार, एवढ्यावरच त्यांची सगळी भीती निवाली होती. जणू तिच्या येण्यानं खाडीही बुजणार होती. एका सकाळी फोन आला: "कळा येतत. तू ये गो. तू आसस मगे हॉस्पिटल कित्याक?"

पाणी उतरत होतं. अलीकडच्या काठावर रुग्णवाहिका बोलावून, साडी खोचून ती गुडघाभर चिखलातून जुव्यावर गेली. रंजनाच्या सासूनं गरम पाणी आणि नवं ब्लेड तयार ठेवलं होतं. फिलूबायनं त्याकडे पाहिलंही नाही. "खुर्ची हाडा." चौघांनी रंजनाला खुर्चीत बसवून उचललं. पाय रुतत होते. चिखलाला कुजक्या शिंपल्यांचा वास होता. आणि पाठीवरचा हात न काढता फिलूबाय शेवटपर्यंत बरोबर चालली. रंजना वाचली. बाळ रडलं नाही.

"हात बांदून बसली," लोक म्हणू लागले. "सुईण आसती तर पोर जगता." आठवड्याभरात दोन घड्याळं परत आली. सुषमानं येणं थांबवलं. आमच्या ओसरीवर सासूबाई म्हणाल्या, "आता ती बाय हय नको." मी सोलं भरणीत भरत राहिले. खरं काय ते मला ठाऊक होतं, तरीही.

तिचा एकदाच फोन आला. "वाट मोकळी आसा मा?"

"हो," मी म्हटलं. तिनं फोन ठेवला.

आषाढातल्या एका दुपारी, कळ न येताच, पायांवरून काहीतरी ऊबदार ओघळलं. खाली पाहिलं तर लाल. नवरा मला खुर्चीत बसवून पुढच्या दाराकडे वळला, तोच सासूबाई ओरडल्या, "थयसून नको! मागच्या दारान!" परसातली लाकडं त्यांनी केव्हाच हलवून घेतली होती. खुर्ची कुठंही न अडता फणसापर्यंत गेली, तिथून रिक्षानं इस्पितळ. आणखी उशीर झाला असता तर, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि वाक्य अर्ध्यावर सोडून हात धुवायला गेल्या. माझ्या मनगटावर घड्याळ चालत होतं. पाठीवर मात्र कुणाचा हात नव्हता.

सव्वा महिन्यानं लेकीला घेऊन घड्याळ परत करायला गेले. फिलूबाय बॅग भरत होती. गोव्यात एका म्हाताऱ्या जोडप्याला सांभाळायचं काम मिळालं होतं. पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. मी माफी मागू लागले, तसं तिनं विचारलं, "खुर्ची खंयच्या दारातसून काडलात?"

"मागच्या."

"आपाटली खंय?"

"नाही."

तिनं लेकीच्या कपाळाला नाक लावून वास घेतला, घड्याळ मनगटाला बांधलं आणि बॅगेची चेन ओढली. "मगे झाला माजा काम."

ती परत आली नाही. आमच्या परसातली वाट सासूबाई अजून मोकळी ठेवतात.

गेल्या आठवड्यात रंजना आमच्या दारी आली. एकटी, चालून दमलेली, पदर पोटावर घट्ट ओढलेला. तिला पुन्हा सातवा लागला होता. मनगटावर घड्याळ होतं. तिचं घड्याळ परत मागायला कुणी गेलंच नव्हतं.

"फिलूबाय खंय गावतली?" तिनं विचारलं. "माका तीच होयी. तिना आदीच सांगलेला. आमीच आयकाक नाय."

मी तिला बसायला ओसरीवरची खुर्ची दिली. "गोव्यात आहे, पण तिचा फोन लागत नाही," मी म्हटलं. तिनं घड्याळात पाहिलं आणि न बसताच वळली. ओहोटी लागायच्या आत तिला जुव्यावर पोचायचं होतं.