चोंग्याचा पाट परत करायला कोल्हापूरला

या वेळी कोल्हापूरला जायचं कारण माझ्या पिशवीतच होतं. गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेला, पानाफुलांची नक्षी कोरलेला लाकडी पाट. मोहरममध्ये कोल्हापुरात हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत गुळाचे चोंगे होतात. कणकेची लाटी अशा पाटावर दाबायची, नक्षी उठली की तळायची. हा पाट जमिलाचाचीचा, म्हणजे माझ्या होस्टेलमधल्या मैत्रिणीच्या आईचा. शूटिंगसाठी मी तो मागून नेला होता.

फिरणं हा माझा नाद; पोटासाठी मी मालिकांचे संवाद लिहिते. नायिकेची शेजारीण म्हणून मी एक हमिदाचाची लिहिली, थेट जमिलाचाचीवरून उचललेली. फटकळ, सुनेशी कडाकडा भांडून पहिला चोंगा तिलाच देणारी. आनंदाच्या भरात चाचीला फोनवर सांगूनही बसले. मग मीटिंग झाली. चॅनेलचे साहेब म्हणाले, "चाची दिसली की प्रेक्षकाला वाटणार, आता काहीतरी घडणार. ईदचा एपिसोड आहे का? नाही ना? मग नुसती शेजारीण मुसलमान कशाला?" हमिदाचाचीची शकूमावशी झाली. मी मान डोलावली, वर म्हणालेही, "नाव बदललं तरी चव तीच राहील." हे चाचीला सांगायचं धाडस मात्र झालं नाही. रविवारी दुपारी बाराला तो भाग लागणार होता. त्याआधी तोंडावर सांगायचं ठरवून शनिवारी निघाले.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. हायवेचं काम संपता संपत नाही, त्यामुळे पाच तासांचे साडेसहा धरूनच चाला. एरवी मी थेट चाचीकडे उतरते. या वेळी राजारामपुरीत हजार रुपयांची खोली घेतली. खोली स्वच्छ होती, मी भित्री होते. संध्याकाळ रंकाळ्यावर चकरा मारण्यात घालवली. पाणी नेहमीसारखं सुंदर असणार, मला आठवत नाही.

रविवारी सकाळी मिसळ. इथे पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस मिळतात, आणि कट जपून मागा. शेजारच्या टेबलावरचा पुणेकर घाम पुसत होता. मालक ओरडला, "पावणं, पानी नगा पिऊ, अजून कट घ्या!" एरवी यावर मी अख्खा परिच्छेद लिहिला असता.

तिथून सत्तर रुपयांत रिक्षानं मंगळवार पेठ. चाचीच्या घरात गल्लीतल्या आठ-दहा बायका टीव्हीसमोर बसलेल्या. मोहरम नसताना चोंग्यांची कणीक मळून ठेवलेली. चाची इस्त्रीच्या साडीत.

"आलीस व्हय! आक्का, हीच ती लिवनारी."

"चाची, जरा आत चला, बोलायचंय."

"मागनं बोल. आता सुरू हुतंय."

सुरू झालं. ठसठशीत कुंकवाची शकूमावशी सुनेला म्हणाली, "भांडण आन् भाकरी, गरम हाय तवरच गोड." शेजारच्या आक्का मांडीवर थाप मारून ओरडल्या, "अगं जमिला, ही बया तर तुझंच बोलतीया की!" बायका हसल्या. चाची हसली नाही. पडद्यावर मावशी चोंगे करत होती म्हणे, पण लाटत होती साध्या पोळ्या.

"पाट पालथा घातलाय," चाची म्हणाली. "नक्षी खाली हाय."

हे मलाही ठाऊक नव्हतं. पण नावाचं ठाऊक होतं, आणि ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. मान डोलावल्याचंसुद्धा.

"आमच्यात सासू-सुना भांडत न्हाईत व्हय?" चाचीचा आवाज चढला. "आमी टीव्हीत दिसायचं म्हंजे बाँबच फोडाय पायजे?"

"जाऊ दे गं," आक्का म्हणाल्या. "शिरियल तर हाय."

"तुला जाऊ दे म्हनाय काय जातंय आक्का? तू रोज दिसतीस की."

मला रडू फुटलं. चाचीनं समजूत काढली नाही, आणि तिनं का काढावी? मी पिशवीतून पाट काढून तिच्यापुढे ठेवला. तिनं हातानं तो पुसला. एकेक करत बायका उठून गेल्या. मीही निघाले, तेव्हा ती म्हणाली, "थांब. डबा घिऊन जा." माझ्याकडे पाठ करून तिनं चार चोंगे केले. तेवढा वेळ मी दारातच उभी राहिले.

परतीची गाडी वेळेत मिळाली. कोल्हापूर मला नेहमी भरभरून देतं; या खेपेला मी तिथून लाज घेऊन आले, आणि ती जाईल असं वाटत नाही. घरी येऊन डबा उघडला. चारही चोंगे गुळगुळीत होते. एकावरही नक्षी नव्हती. चाचीनं पाट पालथा घातला होता.

मी एक तोडून खाल्ला. चव तीच होती. मीटिंगमध्ये मी हेच तर म्हणाले होते.