वहीत नसलेलं माप

आमच्या दुकानात मापांची वही कधी नव्हतीच. बायको शिवायची, मी काजं करायचो, बटणं लावायचो, इस्त्री फिरवायचो. गिऱ्हाईक दारात आलं की ही त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळायची, झालं माप. मग वर्षानुवर्षं ते तिच्या डोक्यात. कुणाचं पोट सुटलं की तोंडावर सांगायची आणि लोक हसत कबूल करायचे. गळ्यातला टेप निव्वळ शोभेचा.

मग आला तो सत्यानाशी विषाणूचा ताप. तेवीस दिवस हॉस्पिटलात काढले. घरी आली तर तळपायांची नुसती आग, चादरसुद्धा सहन होईना. बोटांची टोकं बधिर. बोलता बोलता शब्द हरवायचा, माणसांची नावं हरवायची. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत, नसांना वेळ लागतो, धीर धरा. माझं डोकंच फिरलं. रिपोर्ट नॉर्मल, मग ही बाई उशीत तोंड खुपसून रडते कशाला? तरी आठ महिने धरला धीर. करतो काय?

गेल्या आठवड्यात तिनेच ठरवलं. आधी माझा शर्ट शिवायचा. अंगात बसला तर दुकान उघडायचं, नाहीतर मशीन विकायचं. मी टेप पुढे केला. तिने असं काही बघितलं की तो मुकाट्याने खुंटीला लावला. चार दिवस ती खपली. घटकाभर मशीनवर, घटकाभर पाय गार पाण्याच्या बादलीत. एकदा सुई बोटात शिरली, तिला पत्ताच नाही. कापडावरचा डाग मी पाहिला, मीच धुतला.

काल शर्ट घातला. शिलाई सरळ, कॉलर झकास. पण बटणं काजांपर्यंत पोचेनात, चांगलं चार बोटं अंतर. माझी छाती चाळीस. चौतीस होती ती लग्नाच्या वेळी.

सवयीप्रमाणे ती आधी पाठीमागे उभी राहिली. पाठीवरून, खांद्यांवरून हात फिरवला.

"कुठे धरतोय का हो? माझ्या हाताला काही लागतच नाही."

"छान बसलाय," मी म्हटलं. आयुष्यात तिच्याशी इतकं खोटं कधी बोललो नव्हतो.

मग ती समोर आली. उघड्या छातीकडे बराच वेळ बघत राहिली. मग वळली आणि मशीनवर कव्हर घातलं.

"अहो," तिकडे तोंड करूनच तिने विचारलं, "तुम्ही एवढे कधी झालात?"

खरंच विचारत होती ती. लग्नापासूनचे माझे सगळे शर्ट, चौतीसपासून चाळीसपर्यंत, तिनेच शिवले होते.