डोक्यावरचं टोपलं

चिखली तालुक्यातल्या आमच्या गावात एक बाई रोज सकाळी डोक्यावर टोपलं घेऊन भाजी विकत फिरायची. "मेथी घ्या वो, पालक घ्या वो" या तिच्या हाळीनं अख्खी गल्ली जागी व्हायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

ग्रामसभेत सरपंच म्हणाले, नळाचं पाणी सगळीकडे पोचलं. तेव्हा ही बाई उभी राहिली. कोणीतरी तिच्या हातात माईक दिला आणि तिची वाचाच बसली. पदर दातात धरून ती नुसती उभी राहिली. लोक हसायला लागले. रोज अख्खी गल्ली जागी करणारी हीच का ती?

ती बाहेर गेली, दाराशी ठेवलेलं टोपलं डोक्यावर घेऊन परत आली आणि रोजच्याच चालीत तिनं हाळी दिली, "पाणी नाई वो, खालच्या वस्तीले पाणी नाई वो." सरपंचांचा चहाचा कप तोंडाशीच थांबला.

नंतर मी विचारलं, "मावशी, टोपलं काऊन आणलं?"

"तसं उभं राह्यलं की सारे मलेच पायतात, भाऊ. टोपलं असलं की भाजीकडं पायतात."

टोपलं तेव्हा रिकामं होतं, हे तिला सांगायचा मला धीर झाला नाही.