खिडकीच्या दारावरचं सहावं शून्य

योगिनीबाई आम्हाला गणित शिकवतात. रोज पूर्णेहून एसटीनं येतात. चूक दिसली की त्यांना गप्प बसवत नाही. लग्नात आहेर पुकारणाऱ्यानं कुणाचं गाव चुकवलं, तर जेवणाचं ताट खाली ठेवून त्या थेट माइकपाशी जातात. अशा बाईंच्या वर्गात आदिनाथ पेंटरनं बोलकी भिंत रंगवली!

बाईंनी भिंतीवर काढायला पंचवीसचं क्रमगुणित लिहून दिलं होतं. म्हणजे एकपासून पंचवीसपर्यंतचे सगळे आकडे एकमेकांना गुणून येणारी संख्या: १५५११२१००४३३३०९८५९८४००००००. शेवटी सहा शून्यं. पेंटरनं ट्रॅक्टरच्या मागं नाव काढावं तसे टपोरे आकडे काढले. पाच शून्यं झाली आणि खिडकी आली. गड्यानं ब्रश पुसला.

"आदिनाथभाऊ, एक राहिलं!"

"ताई, भिंतच संपली. अन् शून्यच हाय की, आकडा थोडाच हाय?"

बाई तणतणत हेडमास्तर दत्तराव सरांकडं. सर आधी खाकरले. "ह्हं. काय म्हणतो मी, मॅडम, भिंत लय देखणी दिसायलीय. उद्या तपासणीला पाहुणे यायलेत. एका शून्यावरून, काय म्हणतो मी, कशाला?"

"सर, एक शून्य गेलं तर संख्या दहापट लहान होते! शाळेतल्या दहा पोरांतलं एकच उरलं तर चालंल का?"

"काय म्हणतो मी, चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी पाहुणे साहेब भिंतीसमोर उभे. "सांगा, पंचवीसच्या क्रमगुणिताच्या शेवटी किती शून्यं?"

ऋतिकानं हात वर केला. आईबापासंगं ऊसतोडीला जाऊन नुकतीच परतलेली पोरगी. वर्गात कधी बोललीच नव्हती.

"सहा."

साहेबांनी पेनानं भिंतीवरची शून्यं मोजली. "पाच! बेटा, समोर लिहिलंय तरी चुकलीस? बस खाली."

वर्ग फिदीफिदी हसला. ऋतिकानं ओढणीत तोंड घातलं. भिंत पाच म्हणते, म्हणून गणितानं पण पाच म्हणायचं!

"ऋतिका, ऊठ," बाई कडाडल्या. "कसं काढलंस, सांग."

"दोन अन् पाच गुणले की दहा, म्हणून एक शून्य." तिनं बोटं मोजायला घेतली. "दोन लय हायेत, पाचच मोजायचे. पाच, दहा, पंधरा, वीस, ह्यात एकेक. पंचविसात दोन. सहा झाले."

"पण काय म्हणतो मी, साहेबांनी सोता मोजलेत!"

"भिंत चुकली म्हणून पोरीनं चुकायचं का, सर?"

कोपऱ्यात पेंटरचा रंगाचा डबा अन् ब्रश होता. बाई साडी खोचून बाकावर चढल्या आणि खिडकीच्या बंद दारावर भलंमोठं शून्य काढलं. वाकडं. रंग ओघळत होता.

"आता मोजा, साहेब."

साहेबांनी मोजलं. "सहा," ते हळूच म्हणाले. "बेटा, तुझं बरोबर हाय." दत्तराव सर नुसतेच खाकरले.

आता उन्हाळा लागलाय. वर्गात जीव घाबराघुबरा होतो. पण कुणी खिडकी उघडायला गेलं की ऋतिका कडीवर हात ठेवते.

"ए, थांब. शून्य बाहेर जाईल."